प्रागमध्ये रस्त्यावर युरो बदलू नका, माझे ३०० युरो गेले

मी कोल्हापूरचा. सहकारी बँकेत २९ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ वर्षं कॅश काउंटरवर. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून "नोटा नीट बघून घ्यायच्या ना" असं कुणीतरी म्हणणारच. मी जन्मभर काउंटरपलीकडच्या लोकांना हेच सांगत आलो. म्हणून तर महिनोन्महिने हे कुणाजवळ बोललो नाही.

मे २०२४. मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते, तिला भेटायला मी आणि सौ. गेलो होतो. तिथून प्राग, म्हणजे झेक प्रजासत्ताकाची राजधानी, रेल्वेने जेमतेम अडीच तास. तिची परीक्षा होती, म्हणून आम्ही दोघंच तीन दिवस जाऊन यायचं ठरवलं. निघताना ती म्हणाली होती, "बाबा, तिथे कॅश लागत नाही, ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवलं की तिकीट मिळतं." खरंच मिळतं. पण पहिल्याच रात्री जेवणाच्या बिलाला माझं फॉरेक्स कार्ड दोनदा नाकारलं गेलं आणि अपार्टमेंटच्या मालकाला उरलेले ६,००० कोरुना रोखच हवे होते. झेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये असलं तरी तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. म्हणजे मी काही हौसेने कॅश शोधत फिरत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहराच्या चौकात गेलो. १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ, तास वाजताना खिडक्यांतून फिरणाऱ्या मूर्ती, सगळी गर्दी माना वर करून उभी. ते पाहून झाल्यावर जवळच्या एका एटीएममध्ये कार्ड घातलं. मशीनने एका युरोला २१ च्या आसपास कोरुना दाखवले. बाजारभाव पावणेपंचवीसचा, मला तोंडपाठ होता. मी रद्द करून कार्ड काढून घेतलं. इथेच चुकलो. त्याच स्क्रीनवर 'विदाउट कन्व्हर्जन' असं बटण असतं. ते दाबलं की मशीनचा दर लागत नाही, आपल्या कार्डाचा लागतो. हे मला नंतर मुलीने सांगितलं. एटीएमसुद्धा बँकेच्या शाखेला लागून असलेलंच वापरा. पर्यटकांच्या गल्लीत भिंतीत बसवलेली सुटी मशीनं नकोत.

पुढे मनी एक्स्चेंजच्या खिडकीवर २२ चा दर होता. मी बोर्ड वाचत असताना पन्नाशीचा, चांगल्या कोटातला एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला. "दे आर थीव्ह्ज. आय गिव्ह ट्वेंटी-फाइव्ह, नो कमिशन." मोबाइलवर गुणाकार करून दाखवला: ३०० युरो, ७,५०० कोरुना. सौ. म्हणाली, "अहो, नको, आपण बँकेतच जाऊ." मी तिला म्हटलं, बँकेतही एवढा दर मिळणार नाही.

त्याने घडी घातलेला गठ्ठा काढला. वर ५०० ची नोट, खाली हजाराच्या सात. अंगठ्याने एकेक कोपरा उचलून त्याने आकडे दाखवले. मीही तसंच मोजलं. एक, दोन, सात. कोपऱ्यात १००० दिसत होता, नोटा कोऱ्या होत्या, हाताला कागद बरोबर लागत होता. तेवढ्यात दुसरा एक जण मागून "पोलिस, पोलिस" असं पुटपुटत गेला. मी युरो दिले आणि नोटा खिशात टाकल्या.

मला राग येतो तो याच क्षणाचा. तिसऱ्या नोटेवर मला 'फोरिंट' हा शब्द दिसला होता. दिसला होता, वाचलाही होता! मनात आलं की झेक भाषेत काहीतरी असेल. फोरिंट हे हंगेरीचं चलन. नोटेवर लांब केसांचा राजा, वर 'मग्यार नेमझेती बँक'. झेक नोटेवर 'चेस्का नारोद्नी बांका' असं लिहिलेलं असतं, हे तेवढं पाठ करून जा. वरची ५०० ची नोट मात्र अस्सल झेक होती, त्यामुळे खालच्यांबद्दल शंका आली नाही. सात हजार फोरिंट म्हणजे साधारण १८ युरो आणि ५०० कोरुना म्हणजे २० युरो. निव्वळ नुकसान २६२ युरो, आपले सुमारे २३,५०० रुपये.

दहा मिनिटांत कॉफीच्या दुकानात पोरीने नोट परत केली तेव्हा कळलं. धावत आलो, तर तिथे कोण असणार!

पोलिसांच्या १५८ नंबरवर फोन केला. ठाण्यात या म्हणाले. ठाण्यात दुभाषी येईपर्यंत २ तास ४० मिनिटं बाकावर बसवलं. सौ.चे गुडघे दुखतात, साधं पाणीही कुणी विचारलं नाही. मग प्रश्न काय, तर "पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना?" चौकात कॅमेरे आहेत, वेळ सांगतो, कोटाचा रंग सांगतो, आत्ता बघा असं म्हटलं. "तपास होईल." हातात झेक भाषेतला एक कागद. अडीच महिन्यांनी पत्र आलं, तेही झेकमध्ये. मुलीच्या वर्गमित्राने वाचून दाखवलं: आरोपी सापडला नाही, प्रकरण बंद. सौ.ला ठाण्यातून बाहेर पडतानाच तोच प्रकार तसाच दुसऱ्या जोडप्याबरोबर चालू असणार याची खात्री होती, आणि पोलिसांना तो थांबवायचाच नाही असं मला आजही वाटतं.

प्रवास विम्याचे दोघांचे २,८६० रुपये भरले होते. कंपनीचं उत्तर: रक्कम स्वेच्छेने दिली, ही चोरी नव्हे. कार्डवाल्या बँकेच्या हेल्पलाइनवर आंतरराष्ट्रीय दराने २५ मिनिटं थांबलो, उत्तर मिळालं, "सर, कार्ड आमच्या बाजूने ॲक्टिव्ह आहे." मग ते नाकारलं का गेलं? त्याला उत्तर नाही. जाण्याआधी कार्ड एकदा तरी वापरून बघा आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

सर्वात जास्त झोंबलं ते नंतर कळलेलं. १ एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे: परवानाधारक दुकानात १,००० युरोंपर्यंत पैसे बदलले आणि दर पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे ज्या २२ च्या खिडकीवरून मी तोंड फिरवलं, तिथे माझे पैसे सुरक्षित होते. रस्त्यावरच्या माणसाची पावती कुठून आणणार? ठाण्यातल्या कुणी हे सांगितलंही नाही.

मालकाचे ६,००० कोरुना शेवटी मुलीने तिच्या खात्यातून ऑनलाइन भरले. तेव्हा तिला १०० युरो गेले असं सांगितलं होतं. इथे कोल्हापुरात दोन फॉरेक्स दुकानांत विचारलं, फोरिंट कुणी घेत नाही. त्या सात नोटा पासपोर्टच्या पाकिटात तशाच पडून आहेत.