'ऑन चेझिल बीच' : काही महिने हाताशी राहिलेली कादंबरी

इयन मॅक्युअनची ही कादंबरी (२००७) पहिल्यांदा वाचून काही महिने झाले. तेव्हा एका बैठकीत संपली, पण कपाटात काही गेली नाही. मधूनच काढायची, चार पानं वाचायची, असं अजून चालू आहे.

गोष्ट मुख्यतः एका रात्रीची. जुलै १९६२, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हॉटेल, लग्नाची पहिली रात्र. एडवर्ड इतिहासाचा पदवीधर, फ्लॉरेन्स व्हायोलिनवादक. एकमेकांवर प्रेम आहे, अगदी मनापासून. त्याला उतावीळ झालीय आणि फजितीची धास्तीही. तिला त्या सगळ्याची शिसारी. बोलत मात्र कुणीच नाही.

आधी सगळं लक्ष शेजघरातल्या प्रसंगाकडे होतं. आता जेवणाचा प्रसंग जास्त छळतो. खोलीतच टेबल मांडलंय, वाढपी घुटमळतायत, भूक दोघांनाही नाही आणि उघड्या दारातून पलंग दिसतोय. खरबुजाच्या फोडीवरची चेरी ती त्याच्याकडे बघत लाडिकपणे तोंडात टाकते. असं करून आपण स्वतःलाच आणखी अडचणीत आणतोय, हे तिला त्याच क्षणी कळत असतं. समोरच्याला यातलं काय कळणार?

बाजू कुणाची घ्यायची, हे दर वाचनाला बदलतं. किनाऱ्यावरच्या भांडणात ती तोडगा काढते : आपण एकत्र राहू, शरीरसुखासाठी तू दुसरीकडे गेलास तरी चालेल. आधी तो शुद्ध वेडगळपणा वाटला होता. आता वाटतं, त्या रात्री धीर करून काही मांडणारी ती एकटीच. तो आपला अपमान कुरवाळत उभा.

खटकतात ते फ्लॉरेन्सने लहानपणी वडिलांबरोबर केलेल्या बोटीवरच्या प्रवासांचे अर्धवट इशारे. तिच्या शिसारीचं मूळ तिथे असावं, असं लेखक सुचवतो आणि हात झटकतो. काहींना हा संयम वाटतो, मला पळवाट वाटते.

एका रात्रीवर एवढी पानं खर्चणारा लेखक दोघं वेगळे झाल्यावरची चाळीस वर्षं मात्र काही पानांत उरकतो, आणि तिथेच पुस्तक सगळ्यात भारी आहे. २०१७च्या चित्रपटाची पटकथाही मॅक्युअनचीच, पण त्यात एडवर्ड म्हातारपणी तिच्या मैफलीला जातो, डोळे पाणावतात. पुस्तकात तो कधीच जात नाही. रेकॉर्डची दुकानं चालवलेला माणूस, पण तिच्या रेकॉर्ड बघायचंसुद्धा टाळतो. चित्रपट आधी पाहिला असेल तर ती मैफल डोक्यातून काढून पुस्तक उघडा.