शिक्का खरा, कॅलिब्रेशन खोटं

व्हॅक्यूम गेज, म्हणजे निर्वातातला अगदी कमी दाब मोजणारं उपकरण, बाहेर कॅलिब्रेशनला (प्रमाणाशी ताडून बघायला) पाठवत असाल तर हे वाचा. आमच्याकडून एका लॅबने पूर्ण पैसे घेतले, गुळगुळीत सर्टिफिकेट दिलं आणि गेज निर्वात चेंबरला जोडलंसुद्धा नाही.

लॅबची आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबसाठीचं मानक) मान्यता अस्सल होती. एक पिराणी, एक पेनिंग (दोन्ही व्हॅक्यूम गेजचेच प्रकार; पेनिंग आणखी कमी दाबासाठी) आणि त्यांचं डिस्प्ले युनिट पाठवलं. परत आलेल्या कागदावर प्रमाण गेजचं (ज्याच्याशी ताडून बघतात त्या लॅबच्या गेजचं) आणि आमचं रीडिंग शेवटच्या अंकापर्यंत सारखं! पिराणीचं एक वेळ सोडा, पण ज्या पेनिंगसाठी उत्पादक स्वतःच ±३० टक्के सांगतो, ते ०.००००१ मिलिबारला शून्य चूक दाखवतं? इतकं गुणी पेनिंग मी तरी पाहिलेलं नाही. अनिश्चिततेचा रकाना कोरा. वायू कुठला वापरला, तेही नाही. पिराणी वायूच्या उष्णतावहनावर चालतं; नायट्रोजनवर बरोबर असलेलं गेज आर्गॉनमध्ये कमी आणि हेलियममध्ये जास्त दाखवतं. वायू लिहिलेला नसेल तर आकडा घेऊन करायचं काय?

खोक्यात पाहिलं तर फ्लँजच्या टोप्यांवर आम्हीच लावलेलं सील जसंच्या तसं. फोनवर बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी तिथला तंत्रज्ञ बोलून गेला, "सर, आम्ही सिम्युलेशनने करतो." म्हणजे डिस्प्लेला बाहेरून व्होल्टेज द्यायचं आणि आकडा जुळला की गेज पास. पिराणीच्या तारेवर तेलाचा थर बसलाय का, पेनिंगचे इलेक्ट्रोड काळे पडलेत का, हे त्यात कधीच कळणार नाही. डिस्प्लेची अशी तपासणी करायला हरकत नाही, पण तिला गेजचं कॅलिब्रेशन म्हणणं ही शुद्ध लबाडी.

मग मान्यतेचा स्कोप, म्हणजे ती कोणत्या मोजमापांसाठी आहे त्याची यादी, मागवला. त्यात होतं गेज प्रेशर, म्हणजे वातावरणाच्या तुलनेत मोजलेला दाब, तेही −०.९५ बारपर्यंत. म्हणजे निरपेक्ष दाब साधारण ५० मिलिबार. आमचा सर्वांत खालचा बिंदू त्याच्याही पन्नास लाख पट खाली. शिक्का खरा होता, फक्त तो दुसऱ्याच कामाचा होता.

आयएसओ ३५६७ या व्हॅक्यूम गेज कॅलिब्रेशनच्या मानकाप्रमाणे आपलं गेज आणि प्रमाण गेज एकाच चेंबरवर, सारख्या जागी लावून, एकाच वायूत तुलना करायची असते. प्रमाण म्हणून दाबाच्या वरच्या टप्प्यात कपॅसिटन्स डायफ्रॅम गेज, ज्यात पातळ पडदा दाबाने किती वाकतो ते मोजतात. त्याच्या खाली स्पिनिंग रोटर गेज, ज्यात चुंबकाने अधांतरी धरलेली पोलादी गोळी वायूच्या रेणूंमुळे किती मंदावते ते मोजतात. त्या प्रमाण गेजचं सर्टिफिकेट आणि मूळ नोंदी ऑर्डर देण्याआधीच मागा. आम्ही नंतर मागितल्या, तेव्हा "गोपनीय" असं उत्तर आलं.

लेखी तक्रार केल्यावर लॅबने "सुधारित" सर्टिफिकेट पाठवलं. तारीख जुनीच, पण आता प्रत्येक बिंदूला दोन-तीन टक्क्यांची चूक भरलेली. तोवर दोन्ही गेज आमच्याच कपाटात होते.