ई-रुपया, यूपीआय की रोख: तुमचा खर्च कुणाकुणाला दिसतो?

फोनमध्ये यूपीआय आहे, पाकिटात नोटा आहेत. मग रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपयाचं, म्हणजे तिने काढलेल्या डिजिटल नोटांचं, वेगळं वॉलेट कशाला? निव्वळ सोयीसाठी घ्यायचं तर फारसं कारण नाही, दुकानातला यूपीआयचा क्यूआर त्यालाही चालतो. खरा फरक आहे तो खर्चाची नोंद कुणाकडे राहते यात. निवडही त्यावरच करावी.

यूपीआयने दिलेला प्रत्येक रुपया बँकेच्या स्टेटमेंटमध्ये उमटतो. गृहकर्जासाठी सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्यायची वेळ आली की मानसोपचारतज्ज्ञांची फी, वकिलांना दिलेले पैसे, सगळं परक्या माणसासमोर उघडं पडतं. याचा विचार आपण फारच कमी करतो.

रोखीत हा प्रश्नच येत नाही. नोटेला क्रमांक असतो, पण ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली हे कुणी टिपून ठेवत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला मात्र आयकर कायद्याची मनाई आहे.

ई-रुपया या दोन्हींच्या मध्ये बसतो. सामान्यांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. वॉलेटमध्ये किती पैसे भरले ते स्टेटमेंटमध्ये दिसतं. पुढे ते कुठे गेले ते दिसत नाही. कर्जाच्या उदाहरणात हा मोठाच दिलासा आहे. फक्त शिल्लक कमी पडल्यावर खात्यातून आपोआप पैसे ओढण्याची सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तर ती बंद ठेवा आणि एकदम दोन-तीन हजार भरा. नाहीतर खरेदीची रक्कम आणि वेळ पुन्हा स्टेटमेंटमध्ये येणारच.

पण स्टेटमेंटमध्ये न दिसणं म्हणजे नोंदच नसणं नव्हे. वॉलेट बँक देते आणि ते तुमच्या मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. छोटे व्यवहार अनामिक, मोठ्यांचा माग काढता येईल असे, ही कल्पना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ च्या टिपणात मांडली. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने डिजिटल नोटेला मान्यता दिली, गोपनीयतेची हमी मात्र त्यात लिहिली नाही. २०२४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी व्यवहारांची नोंद कायमची पुसण्याचा मार्ग बोलून दाखवला होता. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. त्यामुळे मला हे आश्वासन अपुरं वाटतं.

याहून चांगली रचना शक्य आहे. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये ‘टूरबियाँ’ हा प्रयोग केला. त्यात पैसे देणाऱ्याची ओळख दुकानदाराला, बँकेला, मध्यवर्ती बँकेलाही कळत नाही. पैसे घेणारा मात्र बँकेला दिसतो, म्हणजे विक्री लपवून कर चुकवता येत नाही. मुळात संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकात मांडलेली अंध स्वाक्षरीची पद्धत यामागे आहे: बँक डिजिटल नोटेवर तिचा क्रमांक न बघताच सही करते, त्यामुळे पुढे ती नोट कुणाला दिली होती हे तिला ओळखता येत नाही. उलट चीनच्या ई-युआन या डिजिटल चलनामध्ये छोट्या रकमेचं वॉलेट नुसत्या फोन नंबरवर मिळतं, पण तिथे फोन नंबरच खऱ्या नावावर नोंदवावा लागतो.

तेव्हा कर्ज देणाऱ्या बँकेपासून किंवा स्टेटमेंट पाहणाऱ्या घरच्या माणसापासून खर्च खासगी ठेवायचा असेल, तर ई-रुपया जरूर घ्या. पत्रकाराने माहिती देणाऱ्याला भेटायला जाताना मात्र रिक्षाचे पैसे नोटांनीच द्यावेत.