बाळासाठी सोलापुरी टेरी टॉवेल : धुऊन, वाळवून, कापून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते, कारण ज्यांच्या घरात दिवस भरत आलेत त्यांना लांबण लावलेलं चालत नाही. बाळासाठी टॉवेल घ्यायचा तर आपला सोलापुरी सुती टेरीच, म्हणजे धाग्याचे बारीक लूप उभे असलेला टॉवेलच घ्या, पण पातळ घ्या. दुकानदार हात फिरवून दाखवतो तो जाड, गुबगुबीत टॉवेल बाळाच्या कामाचा नाही. आणि बाळंतपणाच्या महिनाभर तरी आधी घ्या. कोरा टॉवेल पाणी पीत नाही, त्याला धुऊन धुऊन तयार करावं लागतं.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. ओटीभरण झालं, आता आठवा सरत आला. मी स्वतः सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बरीच वर्षं काम केलंय. किनार शिवायची, माल तपासायचा, घड्या घालून डझन बांधायचे. हजारो टॉवेल या हाताखालून गेले असतील. त्यामुळे आपल्या मालाबद्दल मला प्रेम आहे, आणि त्यात खोट कुठं असते तेही माहीत आहे. दोन्ही सांगते.

दवाखान्यातून यादी मिळाली, तिच्यात ‘धुतलेले सुती टॉवेल, दोन’ असं लिहिलेलं. लेक म्हणाली, “आई, दोन कशाला? एक पुरेल की.” सिस्टरना विचारलं तर त्यांनी नीट समजावलं. बाळ जन्मल्याबरोबर एका टॉवेलनं त्याला पुसून कोरडं करतात, तो ओला टॉवेल लगेच बाजूला काढतात आणि दुसऱ्या कोरड्यात घेतात. ओल्या कापडात बाळ राहिलं की गार पडतं. हे ऐकलं आणि मला टॉवेल कसा पाहिजे ते कळलं. एका पुसण्यात ओल ओढून घेणारा, हातात न बोजडणारा आणि पहिल्यांदाच अंगाला लागणार म्हणून एकही टोचरा धागा नसलेला.

आता वजनाचं. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, वगैरे लेबलवर असतंच असं नाही, असलं तरी आपल्याला त्यातलं काय कळणार. सरळ काट्यावर ठेवायला सांगा. 30 बाय 60 इंची मोठा टॉवेल साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरला तर तो बाळासाठी योग्य. तोच सहाशेच्या वर गेला तर थोरामोठ्यांच्या अंघोळीला उत्तम, बाळाला नको. कारण सोपं आहे. जाड टॉवेल पाणी जास्त पितो, पण ते सोडत नाही. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. धुणं साठवून एकदम काढायचं म्हटलं की पन्नास कपडे एका दोरीवर येतात. त्यात जाड टॉवेल संध्याकाळपर्यंत ओलाच राहिला की त्याला वास लागतो, आणि वास मारणारं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, हे काही कुणी सांगायला नको. पातळ टॉवेल आभाळ आलेल्या दिवशीही पंख्याखाली रात्रीत खडखडीत होतो. उन्हाचा दिवस असेल तर विचारूच नका, सोलापूरचं ऊन आहे ते.

घेताना टॉवेल उलटा करून बघायचा. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक ताठ आणि एक सैल. तीन बाणे, म्हणजे आडवे धागे, टाकून झाले की फणी ते एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. ठोक चांगली बसली असेल तर लूप घट्ट असतो. चिमटीत एक लूप धरून हलकं ओढा. लगेच लांब होऊन आला तर विण ढिली आहे, तो टॉवेल ठेवून द्या. बाळाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. लांब झालेल्या लूपमध्ये किंवा किनारीच्या सुटलेल्या धाग्यात बाळाचं बोट अडकतं, धागा बोटाला आवळला तर रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. म्हणून माझा नियम असा की प्रत्येक धुण्यानंतर टॉवेल उजेडात धरायचा आणि लोंबणारा प्रत्येक धागा कात्रीनं कापायचा. ओढायचा नाही, कापायचा. ओढला की आख्खी ओळ उसवते.

टेरीचे छोटे नॅपकिन मी एमआयडीसीतल्या एका विक्री केंद्रातून घेतले, सेकंडचा माल. काउंटरवरचे भाऊ ओळखीचे. “काय अक्का, बाळंतपणाचं का?” म्हणत त्यांनी आपणहून आतला गठ्ठा सोडला. सेकंड म्हणजे काही फाटका माल नव्हे. सूत तेच, माग तोच. कुठं एक बाणा चुकलेला, कुठं किनार तिरकी, म्हणून तो परदेशी ऑर्डरमधून बाजूला पडतो आणि किलोवर मिळतो. बाळाखाली घालायच्या कापडाची किनार तिरकी असली तर कुणाचं काय अडतं? फक्त मागाच्या तेलाचा काळा डाग बघून घ्या. तो साबणानं जात नाही, तसा नग बाजूला काढा. तपासलेला पहिला माल मला डझनाला साडेतीनशे पडला असता, किलोच्या भावात जवळजवळ दुप्पट नग आले. ज्यांना वेळ आहे आणि बसून निवडायची तयारी आहे त्यांनी सेकंडच घ्यावा. ज्यांना नाही त्यांनी पहिला घ्यावा, पैसे वाया जाणार नाहीत.

रंगाच्या बाबतीत मात्र मला तक्रार करायची आहे. बाजारपेठेतल्या एका दुकानात, नाव लिहीत नाही, मोठे टॉवेल घेताना गर्द मरून दाखवला. “ताई, रंग पक्का, लिहून देतो,” असं सांगितलं. घरी आणून भिजवला तर बादलीभर पाणी लाल. दुसऱ्या पाण्यालाही तेच. परत नेला तर “धुतलेला माल परत घेत नाही.” बाळाचं कापड न धुता वापरतात का कुणी? पैशाचं दुःख नाही, पण ज्याच्या घरी हे माहीत नसेल तो तोच टॉवेल बाळाच्या ओल्या अंगाला गुंडाळेल, याचा मला राग आला. माझं सांगणं एवढंच, की बाळासाठी पांढरा, हाफ व्हाइट किंवा फार तर फिका पिवळा घ्या. गडद रंग घ्यायचाच असेल तर दुकानातच पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासून बघा. रुमाल रंगला की तिथंच सोडा.

धुण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण टॉवेल चांगला की वाईट हे निम्मं धुण्यावर ठरतं. कोऱ्या मालात खळ असते, वर मऊपणासाठी काहीतरी लावलेलं असतं. म्हणून दुकानात लोण्यासारखा लागतो आणि अंगावर पाणी नुसतं पसरवतो. पहिल्यांदा रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचा, सकाळी पिळून कोमट पाण्यात थोड्या साबणानं धुवायचा. पहिल्या काही धुण्यांना कापूस सुटतो, त्यानं घाबरू नका. इतर कपडे मात्र त्या बादलीत टाकू नका. वासाचं, मऊ करणारं ते लिक्विड अजिबात घालायचं नाही. त्यानं लूपवर थर बसतो आणि टॉवेल पुन्हा पाणी ओढेनासा होतो. तयार झाला का ते ओळखायचं कसं? कोरड्या टॉवेलवर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर अजून धुवायला पाहिजे. सोडल्याबरोबर आत शिरला की झाला बाळाचा टॉवेल. आमचे नॅपकिन लवकर तयार झाले, मोठ्यांना वेळ लागला.

पाण्याचीही गंमत नाही, अडचण आहे. आमच्या सोसायटीला बोअर आहे, पण त्याचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि टॉवेल वाळला की पापडासारखा कडक होतो. म्हणून मी धुते बोअरच्या पाण्यात, पण शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात. त्यासाठी एक दोनशे लिटरचं पिंप बाळाच्या नावानं वेगळं ठेवलंय, घासून, झाकण लावून. घरातल्या सगळ्यांना सांगितलंय, या पिंपात कुणी तांब्या बुडवायचा नाही. खळबळलेलं पाणी फरशीला आणि संडासला जातं. दोरीवर टाकायच्या आधी टॉवेल दोन्ही टोकांना धरून जोरात झटकायचा, वाळल्यावर पुन्हा एकदा. आडवे झालेले लूप उभे राहतात आणि कडकपणा निम्मा जातो. जावईबापू रविवारी आले की हे काम त्यांच्याकडे असतं, आणि मनापासून करतात.

मोठे टॉवेल मी मधोमध कापून 30 बाय 30 इंचाचे चौकोन केले. बाळाला टॉवेलची लांबी लागत नाही, चौकोनात ते छान मावतं, आणि धुवायलाही अर्धंच वजन. पण टेरी तशी कापायला हट्टी. सरळ कात्री चालवली की लूपचा भुगा होतो आणि कड वेडीवाकडी जाते. आधी जिथं कापायचं तिथला एक आडवा धागा सुईनं उचलून हळूहळू पूर्ण ओढून काढायचा. तिथं एक बारीक रेघ पडते, त्या रेघेवरून कात्री न्यायची. कापलेली कड लगेच शिवून घ्यायची, आणि वर जुन्या मलमलच्या धोतराच्या पट्टीची गोट लावायची. कारखान्याची शिलाई मजबूत असते, पण काही मालाला नायलॉनचा दोरा असतो, तो कोपऱ्यात गाठ मारलेल्या जागी टोचतो. अंगठ्यानं चारही कोपरे चाचपून बघा. टोचलं तर ती गाठ उसवून सुती दोऱ्यानं शिवा. लेबल तर सगळ्यात आधी काढायचं, तेही मुळापासून.

लंगोटासाठी टेरी वापरू नका, असं मी म्हणेन. सुरुवातीच्या दिवसांत बाळ एवढंसं असतं, त्याच्या मांड्यांमध्ये जाड घडी बसली की पाय अवघडतात. लंगोट मलमलचेच, जुन्या सुती साडीचे शिवलेत. त्यांच्याखाली अंथरायला, दूध पाजताना खांद्यावर टाकायला, मान पुसायला टेरीचा नॅपकिन. नाळ पडेपर्यंत ती कोरडी आणि उघडी ठेवायची, लंगोट नाळेच्या खाली बांधायचा, हे सिस्टरनी दोनदा बजावलंय. तिथं ओल टिपायलासुद्धा धुतलेल्या नॅपकिनचा कोपरा बरा पडतो, फक्त टिपायचं, घासायचं नाही.

विहीणबाईंनी पुण्याहून बाळाचा सेट पाठवलाय. टोपीवाला टॉवेल, ससोबाचे कान असलेला, हाताला एकदम मऊ. त्यांनी हौसेनं, प्रेमानं घेतलाय आणि बारशाला बाळाला त्यातच घेऊन फोटो काढणार आहोत. पण तो सुती नाही. पाण्याचा थेंब सोडून बघितला, तसाच राहिला. आमच्याकडच्या उकाड्यात तसल्या कापडात बाळ घामाघूम होईल. तो थंडीत, घटकाभर बाहेर जाताना ठीक. रोजच्या अंघोळीला नाही.

आता चादर. सोलापूरचं घर आणि चादर नाही असं होत नाही. मोराची नक्षी मागावरच विणलेली जाड जॅकार्ड चादर बाळंतिणीच्या बाजेवर गादीखाली घालायला फार चांगली, वर्षानुवर्षं टिकते. जमिनीवर बाळाला तेल लावायला बसायचं तर दुहेरी करून अंथरायलाही तीच. पण ती तान्ह्या बाळाच्या अंगावर पांघरू नका. वजन जास्त, आणि तोंडावर आली तर बाळाला बाजूला सारता येत नाही. घरी कुणी म्हातारं माणूस “गार लागेल गं” म्हणत चादर टाकेलच, तेव्हा आधीच प्रेमानं सांगून ठेवा. आमच्या आत्याबाईंना मी सांगितलं, त्यांनी ऐकलं.

अजून एक, कपाटात साठलेल्या आहेराच्या आणि सत्काराच्या टॉवेलांविषयी. टॉवेल-टोपीचा मान आपल्याकडे घरोघर, म्हणून प्रत्येकाकडे त्यांची चळत असते, आणि “नवे कशाला, हे आहेत की” असं होतं. त्यातले बरेच मी काढून बघितले. काहींत लूप एका बाजूलाच, सूत विरळ, मध्येच पॉलिएस्टर. ते लादी पुसायला द्या. निवडून चार चांगले निघाले, ते धुऊन ठेवलेत.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावचे लोक शोधत येतात. आपण मात्र बाळाचं सामान घ्यायचं म्हटलं की मोबाईलवर ऑर्डर टाकतो. साच्यातून काढल्यासारखा गुलाबी-निळा सेट येतो, दीड-दोन हजार जातात. तेवढ्यात इथं बाळाला वर्षभर पुरेल एवढं सुती कापड येतं, आणि ज्या हातांनी ते विणलं, शिवलं त्यांच्या घरातही बाळंतपणं होतातच.

किती घ्यावेत विचाराल तर आमच्या पाण्याच्या हिशेबानं दोन डझन नॅपकिन आणि कापून केलेले आठ चौकोन. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना निम्म्यात भागेल. जाल तेव्हा सकाळी जा, दुपारी गठ्ठे सोडायला माणूस नसतो, आणि निवडायला नैसर्गिक उजेड लागतो. गरोदर बाईला बरोबर नेऊ नका. कापसाचा भुगा उडत असतो आणि बसायला धड जागा नसते. तिला घरी नमुना आणून दाखवा, तिच्या गालावर लावून बघा, तिनं हो म्हटलं की मग डझन बांधून आणा.