मुलांना सायकलमागून नेताना: ट्रेलर, जोडदांडी आणि ओढदोरी, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

ट्रेलर बघायला गेलं की नजर आधी कापडावर जाते. खिसे किती, खिडकी केवढी, घडी झटकन होते का, रंग लांबून दिसेल का. आमच्या ट्रेलरचं बरंवाईट यातल्या कशावरच ठरलं नाही. ते ठरलं मुठीत मावेल एवढ्या धातूच्या एका तुकड्यावर, म्हणजे ट्रेलरचा दांडा सायकलला जिथे अडकतो त्या हिचवर. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

घरात थोरला पाच वर्षांचा, धाकटी दोनची. दोघांसाठी दोन आसनी ट्रेलर, थोरल्याची छोटी सायकल मोठीच्या मागे उचलून लावायची दांडी (तीही दोन प्रकारची, एक मैत्रिणीकडून आणलेली), आणि मातीच्या चढांसाठी ताणणारी दोरी, इतकं सगळं वापरून झालं आहे. ट्रेलर जवळजवळ रोज, दांडी सुट्टीच्या दिवशी, दोरी अगदी क्वचित.

तर हिच. बहुतेक ट्रेलर मागच्या चाकाच्या एक्सलला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आसाला, डाव्या बाजूने जोडले जातात, कारण उजवीकडे चेन आणि गिअर असतात. सायकलला साधा नट असलेला एक्सल असेल तर हिचची पट्टी नटाखाली बसते. फक्त नट घट्ट झाल्यावर पुरेसे आटे त्यात शिरलेले हवेत. क्विक रिलीज, म्हणजे खटका दाबून आवळायची बारीक आरपार खीळ, असेल तर तीच गोष्ट लांबीची. पट्टीच्या जाडीने खीळ आखूड पडते आणि दुसऱ्या टोकाचा नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर लोंबतो. तसा राहिला तर लांब खीळ घ्यायलाच हवी. डाव्या बाजूला डिस्क ब्रेकचं कॅलिपर (पॅड धरणारा भाग) असेल तर पट्टी त्याला घासते का तेही बघायचं.

खरी गुंतागुंत थ्रू-एक्सलमध्ये, म्हणजे चाकातून आरपार जाऊन थेट फ्रेममधल्या आट्यांत बसणाऱ्या जाड एक्सलमध्ये, आहे. हल्लीच्या बऱ्याच सायकलींना 12 मिलिमीटर जाडीचा थ्रू-एक्सल असतो आणि हिच बसवायला मूळ एक्सल काढून त्या जागी लांब एक्सल घालावा लागतो. 'बारा मिलिमीटरचा द्या' एवढं सांगून भागत नाही. आट्यांमधलं अंतर 1.0, 1.5 किंवा 1.75 मिलिमीटर असं वेगवेगळं असतं, शिवाय एकूण लांबी आणि आटे पाडलेल्या भागाची लांबीही जुळावी लागते. चुकीचा एक्सल एक-दोन फेरे गोड बोलून आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला तर फ्रेममधले आटे जातात. जुना एक्सल बाहेर काढा, त्यावर आकडे कोरलेले असतील तर टिपून घ्या, नसतील तर मोजून घ्या, आणि मगच ट्रेलरकडे वळा. मागच्या चाकात हब मोटर असलेल्या ई-सायकलचं प्रकरण आणखी वेगळं, तिथे एक्सलचा आकारच निराळा असतो. कार्बन फ्रेमच्या बऱ्याच सायकलींवर तर ट्रेलर ओढायची परवानगीच नसते. सायकलच्या पुस्तिकेत ती ओळ कुठेतरी बारीक अक्षरात सापडते.

हिचमधला जोड सगळ्या दिशांना वळणारा असतो. त्याचा फायदा असा की सायकल आडवी झाली तरी ट्रेलर सहसा आपल्या दोन चाकांवर उभा राहतो. दांडा हिचमध्ये अडकवणाऱ्या पिनसोबत एक सुरक्षा पट्टाही असतो, तो फ्रेमच्या नळीभोवती फिरवून परत दांड्याला अडकवायचा. हा पट्टा कंटाळवाणा वाटतो, मान्य आहे. पण पिन निसटली तर मधे तेवढा एकच धागा उरतो, त्यामुळे आमच्याकडे त्याला सुट्टी नाही.

वजनाचं गणित सोपं आहे, फक्त लोक ते मुलांपुरतंच करतात. दोन आसनी ट्रेलरला साधारण 45 किलोंची मर्यादा असते आणि त्यात मुलं, पाण्याच्या बाटल्या, दप्तर, वाटेत गोळा केलेले दगड सगळं धरायचं. ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यावर, ते दहा ते पंधरा किलो किंवा थोडं जास्तच. समजा सगळं मिळून 50 किलो झालं. 5 टक्क्यांच्या चढावर ताशी 10 किलोमीटरने जाताना फक्त या जास्तीच्या वजनासाठी 68 वॅटच्या आसपास ताकद लागते, आणि ती तुमच्या स्वतःच्या नि सायकलच्या वजनाला लागणाऱ्या ताकदीवर. म्हणून ट्रेलरच्या चाकांपेक्षा आपल्या सायकलचे गिअर महत्त्वाचे. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढचं चक्र मागच्याएवढं किंवा त्याहून लहान असेल तर गुडघे आशीर्वाद देतात. माझ्या सायकलला ते होतं, नवऱ्याच्या सायकलला नाही. त्यामुळे चढाच्या रस्त्यावर ट्रेलर माझ्याकडे आणि सपाटीवर त्याच्याकडे, अशी आमची वाटणी आपोआप झाली. समोरून वारा असला की मात्र दोघांचेही हाल सारखेच. मागची पेटी शिडासारखी वारा धरते.

चढाला निदान दम लागतो तेव्हा कळतं तरी. उताराची गंमत अशी की तो कळत नाही. ट्रेलरच्या चाकांना चालताना वापरायचे ब्रेक नसतात, पायाने दाबायचा असतो तो उभं करतानाचा. थांबवायचं सगळं काम सायकलच्या ब्रेकवर. वेग ताशी 15 वरून 25 किलोमीटर झाला की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटीने वाढते. बर्ली कंपनी आपल्या ट्रेलरसाठी सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर, आणि वळताना किंवा खडबडीत रस्त्यावर 5 मैलांची मर्यादा सांगते. पहिल्यांदा वाचताना ती अती वाटते. ओल्या उतारावर वळणातच ब्रेक दाबला आणि मागचं वजन सायकलचं ढुंगण बाजूला ढकलू लागलं की अती वाटत नाही. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत, दोन्ही मिळून. ब्रेक पॅड नेहमीपेक्षा लवकर झिजतात, ते अधूनमधून काढून बघायचे.

चालवताना जास्त सवय करावी लागते ती रुंदीची. दोन आसनी ट्रेलर 80 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि त्यामुळे रस्त्यावर तुमच्या तीन रेघा उमटतात. खड्डा बघून तुम्ही सायकल सफाईने बाजूने काढता, आणि तुम्ही चुकवलेला खड्डा ट्रेलरचं चाक नेमकं गाठतं. वळताना ट्रेलर आतून कट मारतो, म्हणून कोपरा सायकलला लागतो त्याहून मोठा घ्यायचा. ट्रेलर उलटतो तो बहुधा असाच: वळणाच्या आतलं चाक वेगात कठड्यावर चढतं आणि बाहेरची बाजू खाली दबते. रिकाम्या ट्रेलरमध्ये पिशव्या भरून एखाद्या मोकळ्या मैदानात आठ काढून बघा, मुलं नंतर. सामान भरताना जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या जरा पुढे. सगळं मागच्या कप्प्यात कोंबलं की दांडा वर उचलला जातो आणि मागचं चाक हलकं पडतं.

आत काय चालतं हे चालवणाऱ्याला दिसत नाही, ऐकूही फारसं येत नाही. आमच्याकडे बहुतेक भांडण चालतं. दोन आसनी म्हणजे दोन लहान मुलांच्या खांद्याएवढी जागा. थोरला मोठा झाला तशी कोपरं लागू लागली. पाच टोकांचे पट्टे दोघांना वेगवेगळे हवेत, आणि खांद्याची उंची बसल्यावर बदलता येईल असे. हेल्मेट घातल्यावर डोकं मागे टेकतं ते पाठीच्या कापडाला, आणि तिथे हेल्मेटसाठी खोलगट जागा किंवा सैल जाळी नसेल तर मूल पूर्ण वेळ हनुवटी छातीला लावून बसतं. दुकानात मुलाला हेल्मेट घालूनच बसवून बघा. हा मुद्दा मला खिशांच्या संख्येच्या शंभरपट मोलाचा वाटतो. पुढची जाळी कायम बंद ठेवायची, कारण मागचं टायर खडी थेट आत उडवतं; सायकलच्या मडगार्डला खाली रबरी फडकं लावलं की ते बरंच कमी होतं. प्लॅस्टिकचा पावसाळी पडदा लावला की आत वाफ धरते, म्हणून सर थांबली की लगेच वर गुंडाळायचा. आमच्या पडद्याची चेन लवकरच दात सोडू लागली, आणि कंपनीने पडदा बदलून द्यायला इतका वेळ घेतला की तोवर आम्ही तिथे वेल्क्रो शिवून घेतलं होतं.

वयाबद्दल. एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवर किंवा ट्रेलरमध्ये नेऊ नये, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे. काही कंपन्या तान्ह्या बाळासाठी आत लावायची झोळी विकतात, ती पायी ढकलताना ठीक. सायकलमागे मी धाकटीला बसवलं ते तिला हेल्मेटसकट मान नीट धरता यायला लागल्यावरच. जर्मनीत ट्रेलरमध्ये सात वर्षांपर्यंतची जास्तीत जास्त दोन मुलं नेता येतात आणि चालवणारा किमान सोळा वर्षांचा लागतो. नियम देशागणिक वेगळे, दिव्यांचेही. युरोपात विकल्या जाणाऱ्या ट्रेलरवर ईएन 15918 हे मानक आणि अमेरिकेत एएसटीएम एफ1975 शोधा. लेबलवर यातलं काहीच नसेल तर तो ट्रेलर सामानासाठी ठेवा.

आता दांडी. मूल स्वतःची सायकल चालवायला लागलं, पण जाऊन-येऊन पूर्ण अंतर झेपत नाही, अशा वयासाठी ही वस्तू आहे. मैत्रिणीची दांडी सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, आवळायची होती. तिचं पुढचं टोक सीटखाली, मागचं मुलाच्या सायकलच्या फ्रेमला, पुढचं चाक हवेत. बसवायला सोपी, घडी करून कडेला लटकवायला सोपी. पण जोड सीटच्या उंचीवर असल्यामुळे थोरल्याने मागे वळून कुत्रं बघितलं की माझ्या सीटला धक्का. सांध्यात जराशी जरी ढिलाई आली तर मागची सायकल एका बाजूला कलून चालते आणि मूल तसंच वाकडं बसून राहतं. ओढणारी व्यक्ती हलकी असेल तर हे जास्त जाणवतं. नवऱ्याला तेवढा त्रास झाला नाही. कार्बनच्या किंवा खालीवर होणाऱ्या सीटपोस्टला ती लावायची नाही, आणि कॅरिअरवर सामान असेल तर दांडीला वळायला जागा उरत नाही.

नंतर आम्ही घेतली ती मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी बसणारी. फॉलोमी या नावाने प्रसिद्ध असलेली स्विस जातीची रचना, 12 ते 20 इंची चाकांच्या छोट्या सायकलींसाठी. जोड खाली असल्यामुळे हेलकावे खूप कमी. जड आहे, बसवायला वेळ लागतो, आणि त्यासाठी मुलाच्या सायकलच्या पुढच्या एक्सललाही जोडणी करावी लागते. पण एकदा ते झालं की पोराला वाटेत कुठेही सोडता येतं आणि दमला की परत उचलून घेता येतं. जाताना स्वतः, येताना बांधलेला. दोन्ही टोकांचं हे स्वातंत्र्य ट्रेलर देत नाही. एका चाकाची अर्धी सायकल कायमची मागे जोडलेली असते तो तिसरा प्रकारही आहे. त्यात मुलाची स्वतःची सायकल लागत नाही, पण मुलाला सुटंही करता येत नाही. आमच्या कामाचा तो नव्हता.

दांडीचा मोठा तोटा मात्र कोणत्याही रचनेने सुटत नाही: मूल झोपतं. पाच वर्षांचं पोर संध्याकाळी परतताना हँडलवर डोकं टेकू शकतं, आणि तिथे त्याला धरणारं काहीच नसतं. जेवणानंतरच्या किंवा उशिराच्या फेरीला थोरलाही ट्रेलरमध्ये, मग कितीही तोंड वाकडं करो. ट्रेलर आणि दांडी एकामागून एक जोडायचा विचार कुणाच्या डोक्यात येतोच; बहुतेक कंपन्या ते सरळ मना करतात. दोन मुलं दोन प्रकारे न्यायची तर दोन मोठी माणसं, दोन सायकली.

ओढदोरीबद्दल थोडक्यात. एक टोक आपल्या सीटखाली, दुसरं मुलाच्या सायकलच्या स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर), मधे ताणणारा पट्टा. तोल, दिशा, ब्रेक सगळं मुलाच्या हातात, त्यामुळे वाहनं असलेल्या रस्त्यावर ती चालत नाही. मातीच्या वाटेवर चढापुरती लावायची, माथ्यावर काढायची. उतारावर सैल पडून पुढच्या चाकात जायला तिला क्षणही पुरत नाही.

देखभाल फारशी नाही. हिचचा नट दर वेळी हाताने हलवून बघणं, ट्रेलरची चाकं बटण दाबून बसवायची असतील तर ती बाहेर ओढून बघणं, टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा ठेवणं. ट्रेलरच्या ट्यूबला बहुधा मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो आणि माझ्या सायकलला बारीक, म्हणून पंप दोन्ही तोंडांचा आणि ट्यूब दोन मापांच्या सोबत ठेवाव्या लागतात. ओला ट्रेलर घडी करून ठेवला की कापडावर बुरशी येते, तो उघडाच वाळवायचा.

धाकटी स्वतः पायडल मारू लागेपर्यंत ट्रेलर राहणार, दांडी नंतर तिच्याही सायकलला बसेल. दोरी विकायला काढली आहे.