1968 ते 1970 च्या कॅडिलॅक फ्लॉवर कार: इंजिन नंतर, आधी पाठ बघा

अमेरिकेत अंत्ययात्रेतली फुलं नेण्यासाठी वेगळी गाडी असायची. पुढे दोन दारांची केबिन, मागे स्टेनलेस स्टीलचा उघडा हौदा किंवा सपाट डेक, आणि त्यावर पुष्पचक्रं. 1930 च्या दशकापासून चार-पाच दशकं ही फ्लॉवर कार मोठ्या शहरांत दिसायची. बऱ्याच अंत्यसंस्कार संस्था ती स्वतः विकत न घेता भाड्यानं आणत, त्यामुळे मुळातच थोड्या बनल्या. आज संग्राहकांच्या बाजारात शववाहिका सहज मिळते, फ्लॉवर कारसाठी थांबावं लागतं. अमेरिकेत राहून जुनी गाडी पाळण्याचा छंद असलेल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या डोळ्यांसमोर ही गाडी आली असेल, तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. वर्षं मुद्दाम 1968 ते 1970 घेतली आहेत, कारण यांत्रिक बाजूनं वापरायला सगळ्यात सोपी हीच.

कॅडिलॅकनं या गाड्या पूर्ण कधीच बांधल्या नाहीत. कंपनी ‘कमर्शिअल चॅसी’ द्यायची: फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा पत्रा, डॅशबोर्ड. त्यामागचं सगळं कोचबिल्डरचं, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या वेगळ्या कारखान्याचं. या काळात त्यातली मोठी नावं तीन, आणि तिन्ही ओहायोची: लायमाची सुपीरियर, पिक्वाची मिलर-मिटिअर, आणि ‘एस अँड एस’ नावानं गाड्या विकणारी सिनसिनाटीची हेस अँड आयझेनहार्ट. तिन्ही गावं आज आय-75 महामार्गावर एका ओळीत लागतात. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची 1961 ची उघडी लिंकन लिमोझिन बांधली तीही याच हेस अँड आयझेनहार्टनं. मिलर-मिटिअर 1979 मध्ये बंद पडली, म्हणजे कारखान्यातून सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच मिटला.

गाडी बघायला जाताना टेप न्या. कमर्शिअल चॅसीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 156 इंच, कॅडिलॅकच्या साध्या दोन-दारी कूप डेव्हिलचा 129.5 इंच. कुणीतरी घरच्या घरी डेव्हिल कापून तिला हौदा बसवला असेल तर टेप लगेच सांगते. गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाचं (व्हीआयएन) पहिलं अक्षरही बघा. या वर्षांत कमर्शिअल चॅसीला Z असतो, कूप डेव्हिलला J. ही दोन्ही उत्तरं बरोबर आली तरी एक शक्यता उरते: मूळची शववाहिका नंतर कापून फ्लॉवर कार केलेली असू शकते. तिचा व्हीलबेसही तोच, अक्षरही तेच. म्हणून कोचबिल्डरची पाटी शोधा आणि हौद्याखाली टॉर्च मारून पडून बघा. कारखान्यातल्या कामात आडव्या पट्ट्या सरळ, वेल्डिंग एकसारखं. नंतरच्या कामात पॅचवर पॅच, आणि केबिनच्या मागच्या भिंतीशी पुटीचा जाड थर. लहानसं चुंबक जिथे धरत नाही तिथे पुटी तरी आहे किंवा शिसं. शिसं असेल तर घाबरू नका, कोचबिल्डर सांधे शिशानंच भरायचे. मात्र ते कोरडं घासू नका, धूळ विषारी असते. आणि तसा भाग पावडर कोटिंगच्या भट्टीत कधीच घालू नका. भट्टी 200 अंश सेल्सिअसच्या आसपास चालते, बॉडीचं शिसं 183 अंशांपासूनच मऊ व्हायला लागतं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे गंज. या गाडीत पाणी वरून, मधून आणि खालून असं तिन्हीकडून येतं. पुष्पचक्रांचं पाणी हौद्यात गळायचं आणि तळाच्या नळ्यांतून रस्त्यावर जायचं. नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी स्टेनलेस पत्र्याखालच्या साध्या लोखंडी चौकटीवर साचतं. वरचा पत्रा आरशासारखा चकचकीत आणि खालची चौकट बोटानं ढासळणारी, अशा गाड्या सर्रास भेटतात. परीक्षा सोपी आहे: हौद्यात बादलीभर पाणी ओता आणि खाली बघा. पाणी लगेच बाहेर आलं तर ठीक. थांबून थांबून, भलत्याच ठिकाणाहून आलं तर किंमत पाडा किंवा निघा. व्हिनाइलचं छप्पर असेल तर मागच्या काचेच्या खालच्या कडेला अंगठ्यानं दाबत जा. फुगे किंवा कुरकुरीत आवाज म्हणजे खाली पत्रा खाल्लेला आहे.

स्टेनलेस डेकचे पोचे चांगला पॉलिशवाला काढून देतो. तुम्ही घरी लोखंडी काथ्या तेवढा लावू नका. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात.

काही गाड्यांत डेकच्या खाली शवपेटी ठेवायला पूर्ण लांबीचा कप्पा असतो, मागच्या फळीतून उघडणारा. एकाच गाडीत दोन कामं. असा कप्पा, त्याचे रोलर आणि कुलपं मूळची असतील तर आमच्या मते त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. कारण ही मागची फळी, डेकच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या दुकानात मिळत नाहीत. हरवलं तर दुसरी तशीच गाडी शोधून साचा घ्यायचा आणि बनवून घ्यायचं. उलट पुढची जाळी, बंपर, दिवे ही साध्या कॅडिलॅकचीच, आणि ती भरपूर मिळतात.

इंजिन 472 घनइंची व्ही-8, कागदावर 375 हॉर्सपॉवर, सोबत टर्बो-हायड्रामॅटिक 400. ही जोडी दणकट आहे, पण विकणाऱ्याच्या ‘फक्त इतकेच मैल चाललीय’ या वाक्याला भुलू नका. या गाडीचं आयुष्य रांगेत, चालत्या माणसाच्या वेगानं आणि उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवून गेलेलं असतं. मैल कमी, तास जास्त. शिवाय 472 मध्ये क्रँकवरून टायमिंग चेननं फिरणाऱ्या कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात आहेत आणि ते वयानं ठिसूळ होतात. तुटले की तुकडे तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलावाचून मरतं. तपासायला डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, क्रँक पान्यानं आधी एका बाजूला, मग उलट फिरवा. रोटर हलण्याआधी क्रँक आठ-दहा अंश मोकळा फिरला तर चेन सैल. तशी नसली तरी गाडी घेतल्यावर गिअर आणि चेनचा पूर्ण स्टीलचा संच बसवा आणि त्याच वेळी ऑइल पॅन उतरवून जाळी धुवा. एकच काम टाळायचं झालं तर रंग टाळा, हे नाही.

कंप्रेशन 10:1 किंवा त्याहून जास्त, म्हणून प्रीमियम पेट्रोलच. गॅलनला दहा मैल मिळाले तर खूश व्हा. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, त्या सगळ्या एकदम बदला. तीस-चाळीस मैलांच्या वेगाला गाडीच्या तळातून घरघर आली तर लांब प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग आधी बघा, चाकांचं बॅलन्सिंग नंतर.

टायरमध्ये बरेच जण फसतात. मूळ माप 8.90-15, आज लोक 235/75 आर 15 घालतात. साध्या प्रकाराचा लोड इंडेक्स 105 असतो, म्हणजे टायरमागे 925 किलो. एक्स्ट्रा लोड घेतलात तर 109, म्हणजे 1030 किलो. या वजनाच्या गाडीला दुसराच घ्या. जॅक फ्रेमलाच लावा, बॉडीच्या कडेला कधीच नाही. दारांमधली फट बिघडली की ती परत जुळवायला हातानं बॉडी बांधणारा कारागीर लागतो.

तिघांत निवड करायची तर आमचा कल सुपीरियरकडे. तिची फ्लॉवर कार ‘कूप द फ्लर’ नावानं विकली जायची. एस अँड एसची फ्लोरेंटाइन दिसायला जास्त देखणी आहे, पण तिची एक पट्टी शोधायला महिने जातात. मिलर-मिटिअर मधली. अर्थात पाठ शाबूत असलेली कुठलीही मिळाली तर नावाचा हट्ट धरू नये. माहितीसाठी 1976 मध्ये स्थापन झालेल्या प्रोफेशनल कार सोसायटीचं सदस्यत्व आधी घ्या, गाडी नंतर. जुन्या जाहिरातपत्रिका आणि सुट्या भागांचे मालक तिथेच भेटतात.

लांबी वीस-एकवीस फूट भरते. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरगुती गॅरेजचं दार हिच्यावर बहुधा लागत नाही, आणि उघड्यावर ठेवली तर हौद्यात पुन्हा पाणी. विम्यात बाजारभाव नको, आधी ठरवलेली किंमत लिहून घ्या, कारण तुलनेला दुसरी गाडी दाखवणं सर्व्हेअरला जमणार नाही.