पिकोच्या दोन कोअरमध्ये निरोप पोहोचवायचा कसा: फिफो, क्यू की शेअर्ड मेमरी?

रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यातल्या आरपी२०४० चिपमध्ये कॉर्टेक्स-एम०प्लसचे दोन कोअर (स्वतंत्रपणे प्रोग्राम चालवणारे प्रोसेसर) आहेत. दुसरा कोअर सुरू करायला एक ओळ पुरते, खरी अडचण त्यानंतर येते: त्याच्याशी बोलायचं कसं? सी एसडीके (सी भाषेत पिकोचे प्रोग्राम लिहिण्याची अधिकृत साधनं) वापरणाऱ्यांसमोर तीन वाटा असतात. वाट निवडण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्या. पलीकडच्या कोअरला प्रत्येक नोंद हवी आहे, की फक्त सगळ्यात ताजी?

माझंच उदाहरण देतो. मोटारीची कंपनं मोजायची होती. ‘कोअर १’ हा दर सेकंदाला १००० नोंदी घेत होता. एका नोंदीत तीन अक्षांचे आकडे आणि वेळ मिळून १२ बाइट. कोअर ० त्या नोंदी साठवायचा आणि डिस्प्लेवर आलेख काढायचा. आलेख काढताना तो एका वेळी ४० मिलिसेकंद अडकायचा, म्हणजे तेवढ्यात ४० नोंदी तुंबायच्या.

फिफो, म्हणजे आधी आलेला निरोप आधी बाहेर देणारी रांग, ही चिपमध्येच असलेली सोय आहे. प्रत्येक दिशेला एक, ३२ बिट रुंद आणि ८ शब्द (३२ बिटांचे तुकडे) खोल. वेग उत्तम, कारण कोअर तिथे एका सायकलमध्ये पोहोचतो, आणि निरोप आला की इंटरप्टही (हातातलं काम थांबवणारा इशारा) मिळतो. पण १२ बाइटची नोंद म्हणजे तीन शब्द, त्यामुळे आठांत दोनच नोंदी पूर्ण मावतात. माझ्या कामात ती तिसऱ्या मिलिसेकंदालाच भरायची. भरल्यावर पुश करणारं ब्लॉकिंग फंक्शन जागा रिकामी होईपर्यंत थांबून राहतं, आणि मोजणी करणारा कोअर थांबला की नोंदींमधलं अंतर बिघडतं.

फिफोत आणखी एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. सेटिंग फ्लॅशमध्ये (प्रोग्राम जिथे साठवलेला असतो त्या मेमरीत) लिहिताना दुसऱ्या कोअरला फ्लॅशमधून कोड चालवता येत नाही, म्हणून एसडीकेचं लॉकआउट त्याला थांबवतं. आरपी२०४० वर हे लॉकआउट त्याच फिफोतून खुणा पाठवतं. थांबवल्या जाणाऱ्या कोअरवरचा त्याचा इंटरप्ट हँडलर फिफो रिकामी करतो आणि स्वतःची खूण नसलेला शब्द टाकून देतो. माझे आदेश असे गायब होत होते आणि मी दोन रात्री वायरी तपासत बसलो होतो. प्रोग्राम चालू असताना फ्लॅशमध्ये लिहिणार असाल, तर स्वतःच्या निरोपांसाठी फिफो वापरू नका.

शेअर्ड मेमरी, म्हणजे दोन्ही कोअरना दिसणारी मेमरी, सगळ्यांत सोपी वाटते: एक ग्लोबल व्हेरिएबल, त्याला व्होलाटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच, अशी कंपाइलरला सूचना) लावलं की झालं. एकच ३२ बिटांचा आकडा असेल, लिहिणारा एकच कोअर असेल आणि ताजी किंमतच हवी असेल, तर हे खरंच पुरतं. तापमान दाखवायला याहून जास्त काही लागत नाही. मात्र तीन अक्षांचा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेले आकडे) असा वाचलात, तर एक्स जुन्या नोंदीतला आणि झेड नव्या नोंदीतला, असं मिळू शकतं. दोन्ही कोअर एकच काउंटर वाढवत असतील तर वाढी हरवतात. एकाच कोअरच्या चिपवर हात बसलेली माणसं इथे इंटरप्ट बंद करतात आणि निर्धास्त होतात. पण इंटरप्ट बंद होतात ते त्याच कोअरचे. दुसरा कोअर आपला चालूच असतो. एम०प्लसमध्ये यासाठी लागणाऱ्या ॲटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या) सूचना नाहीत, म्हणून चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअरला ताटकळत ठेवणारी कुलपं) दिले आहेत. स्पिनलॉक क्षणभरच धरा, लांबलचक कामासाठी म्युटेक्स (जास्त वेळ धरता येणारं कुलूप) घ्या.

एसडीकेमधली क्यू, म्हणजे सॉफ्टवेअरने बांधलेली नोंदींची रांग, हा माझा कौल, आणि तो मी बिनदिक्कत देतो. तिचा आकार तुम्ही ठरवता. आत घातलेल्या नोंदीची प्रत होते, त्यामुळे अर्धवट वाचन होत नाही. कुलूप ती स्वतः सांभाळते. माझ्यासाठी ६४ नोंदींची क्यू पुरली: फक्त ७६८ बाइट, चिपमध्ये रॅम २६४ किलोबाइट. कॉपी आणि कुलूप यांमुळे ती फिफोपेक्षा संथ आहे, पण सेकंदाला हजार नोंदींना तो फरक जाणवतही नाही. मोजणीच्या बाजूने मात्र ब्लॉकिंग ॲड वापरू नका. ट्राय ॲड (न थांबता लगेच उत्तर देणारं फंक्शन) वापरा, आणि जागा नसल्याचं उत्तर आलं की हुकलेल्या नोंदींचा काउंटर वाढवा. काउंटर शून्यावर राहत नसेल तर क्यू मोठी करा किंवा डिस्प्लेचं काम तुकड्यांत करा.

क्यू कमी पडते ती डेटाचे मोठे गठ्ठे हलवताना, उदाहरणार्थ ५१२ नोंदींवर एफएफटी (कंपनांतल्या वारंवारता शोधणारा हिशोब) करायचं असेल तेव्हा. तिथे दोन बफर ठेवा: एक भरत असतो, दुसऱ्यावर हिशोब चालतो. भरलेल्या बफरचा फक्त क्रमांक पलीकडे पाठवा. त्याआधी मेमरी बॅरियर घाला, म्हणजे डेटा लिहून होण्याआधी क्रमांक पोहोचणार नाही.

२०२४ मध्ये आलेल्या पिको २ वर जाणार असाल तर थोडं जपून. तिथे फिफो ४ शब्दच खोल आहे, त्यामुळे ८ गृहीत धरलेला कोड अडकू शकतो. खुणेपुरत्या निरोपांसाठी डोअरबेल ही नवी सोय मात्र चांगली आहे. त्यावरच्या चिपच्या हार्डवेअर स्पिनलॉकमध्ये दोष निघाला, म्हणून एसडीके तिथे सॉफ्टवेअरचे लॉक वापरतो. क्यूवर लिहिलेल्या कोडला यातलं काहीच शिवत नाही. माझा प्रोग्राम बोर्डाचं नाव बदलून पुन्हा कंपाइल केला आणि तसाच चालला.